आडकाठी

निरोप समारंभात पाकीट मिळालं :
'सूर्यास्त नौकाविहार. दीड तास. सहा माणसं. थंड पेयांसह.'
वर फोटो कुठल्याशा भूमध्य किनाऱ्याचा,
पांढरी घरं, निळा घुमट
आणि समुद्र असा, की नुकताच इस्त्रीहून आलाय.

सहा माणसं मला जमली नाहीत.
बहिणीला पाणी लागतं, भाच्याला ऑफिस,
शेजारच्या गोडांबेबाई म्हणाल्या, कुकर कोण लावेल?
तेव्हा एका शुक्रवारी मी एकटीच
अपोलो बंदराच्या शेवाळल्या पायरीवर,
चपला हातात घेऊन.

"बाकीचे पाच?" याकूब सारंगने विचारलं.
"मागून येताहेत," म्हणाले,
आणि लाइफ जॅकेट चढवलं. त्याला डिझेलचा वास होता
आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अत्तराचा.

एकतीस वर्षं बॅलार्ड पिअरला
मी जहाजांची कागदपत्रं टाइप केली.
जिनोआ. मार्सेय. पिरेउस.
मिरचीची पोती, सुती कापडाच्या गासड्या.
पिरेउसमधला 'ए' नेमका कुठे बसतो
ते मला झोपेतून उठवून विचारा.
पण शीड वर चढताना आवाज कसा होतो
हे ठाऊक नव्हतं :
गच्चीवर कुणी ओली चादर झटकावी, तसा.

वारा शहराकडून, पाठीवर. इंजिन बंद केलं
तेव्हा इतकं शांत झालं
की काही विसरले का म्हणून मी पर्स तपासली.
नाळेपाशी याकूबचा पोरगा शेंगा सोलत होता,
टरफलं पाण्यात, दाणे खिशात.
घारापुरीहून परतणाऱ्या लाँचमधून कुणी हात केला,
मीही केला, पाच जणांच्या वाटचा धरून.

मग मी सूर्य शोधू लागले.
समोर उरण, तेलाच्या टाक्या, डोंगराची करडी रेघ.
"बाई, तिकडे काय बघताय?
हे बंदर पूर्वेचं. इथे सूर्य
शहराच्या पाठीमागे बुडतो."
पाकिटावर हे लिहिलेलं नव्हतं.

परतताना वारा तोंडावर.
तोंडावरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही, याकूब म्हणाला,
तिरकं जायचं, मग उलटं तिरकं.
दर वळणावर शिडाखालचा तो लांब दांडा
या अंगाकडून त्या अंगाला सपकन येई
आणि पोरगा ओरडे : "आडकाठी! डोकं खाली!"
मी पहिल्याच वेळी इतकं चटकन घातलं
की याकूब म्हणाला, "आधी बसला होतात का होडीत?"
नाही हो. ऑफिसात होते.

तिसऱ्या वळणावर दिसली आमची इमारत,
गोदीच्या पत्र्यांवरून डोकावणारा वरचा मजला,
आणि त्यात डावीकडून चौथी खिडकी, पेटलेली,
पश्चिमेचं तांबडं ऊन खोलीतून आरपार येऊन.
आरपार कसं येईल?
त्या खिडकीला तर गोदरेजचं कपाट होतं.
माझ्या आधीपासून होतं. मला वाटे
इमारत त्याच्याभोवती बांधलीय.

रिटायर होऊन एकोणीस दिवस झालेत.
एकोणीस दिवसांत कुणीतरी
कपाट हलवलं.

हमाल किती लागले असतील? दोन?
चहाचे पैसे धरून कितीसे झाले असतील?
आणि खुर्चीत बसल्या बसल्या समुद्र
दिसतच असणार की आता,
जरा मान वळवली तर—

"आडकाठी!"
नाही घातलं डोकं खाली.
पोरानेच ओढलं मला पदराला धरून,
दांडा अंबाड्याला घासून गेला,
पिना उडाल्या, आणि मी हसू लागले,
म्हणजे आधी हसूच आलं.

सूर्य कधी गेला ते पाहिलंच नाही.
त्या खोलीत कुणीतरी ट्यूब लावली.
माझ्या खोलीत म्हणणार होते.

धक्क्याला लागताना याकूबने बर्फाची पेटी उघडली.
सहा बाटल्या. एक मी प्याले, एक त्याने,
पोराने दोन.
"आणि या दोन?"
"राहू देत," म्हणाले,
"येतील अजून."
केस मोकळेच होते. पायरी निसरडी होती.
चपला पुन्हा हातात घेतल्या.