दोन टक्के

वाशी, सेक्टर सतरा. दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांचे कर भरतो.
सकाळी आठल्येसाहेब आले, पाम बीचवरचे.
वाढलेल्या दोन टक्क्यांना हसले:
"बघा काहीतरी. मिसेसच्या नावावर टाका."
टाकलं. मार्चात चालतं.
कॉफी अर्धी ठेवून गेले.

कप उचलताना द्वारका भोईर म्हणाली,
"दादा, तेलावर पण वाढलं का?
काल पिशवीला सात रुपये जास्त घेतले."
म्हटलं, हो, तिथंही.
"मग माझं कुणाच्या नावावर टाकता येईल?"

चेष्टा करत नव्हती.
फडकं हातात धरून उभी,
मी खुर्ची फिरवून उत्तर काढीन, अशी.

तिनं बिल दाखवलं, मोबाइलच्या कव्हरात
दुमडलेलं, घामानं शाई पुसट.
तेल, साबण, पोराचा कंपास.
खाली कर: केंद्राचा, राज्याचा, पैशापर्यंत चोख.
आमच्या एकाही फायलीत
इतका सरळ हिशोब नाही.

आठल्यांच्या बिलाखालीही ह्याच ओळी असणार.
ते तिथवर वाचत नसावेत.

"आता कढईला तेल नुसतं दाखवते," ती म्हणाली,
"नैवेद्यासारखं."
मी हसलो. मग हसायचं नव्हतं हे कळलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन, किती वाचले?
मी आकडा सांगितला, जरा मोठ्यानेच; लाइन खरखरत होती.
दाराशी द्वारका पायपुसणं झटकत होती.
धूळ संपली,
तरी झटकत राहिली.