दोन दिवस, नाश्त्यासकट

वर्षातून एकदा मी स्वतःला इंदूरला नेते.
कुणाचं लग्न नाही, ऑपरेशन नाही,
कोर्टाची तारीख नाही.
खंडव्याच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर
पाटी लावते : सोमवारी उघडेल.
कारण लिहीत नाही.
लिहिलं तर लोक सुधारून देतात.

सनावद गेलं, नर्मदेचा पूल आला,
शेजारच्या बाईनं खिडकीतून नाणं टाकलं, मीही टाकलं.
तिनं विचारलं, "इंदूरला कोण असतं?"
"कुणी नाही," म्हटलं,
आणि हे म्हणताना माझा चेहरा इतका फुलला असावा
की तिनं पिशवी जरा पलीकडे सरकवली.

सरवटे स्टँडपासून चालत लॉज.
पलंगाच्या मधोमध झोपते. दोन्ही उशा माझ्या.
कुणाच्या गोळ्यांचा गजर नाही.

मेळावा म्हणजे काय, तर
रात्री ओटा पुसून झाल्यावर
दिवसातलं काहीतरी चार ओळींत लिहून
लांबवर सोडून देणारी आम्ही साठ-सत्तर माणसं.
तुकोगंजातला हॉल, कुरकुरणारा माईक,
आणि वाचक कसे वाढवावेत ते सांगणारा एक तरतरीत मुलगा.
मला सतरा आहेत. पुरतात.
त्यातले चार आज याच हॉलमध्ये बसलेत,
म्हणून तर साडीला इस्त्री.

गळ्यातल्या बिल्ल्यावर छापलंय : सरयू खानविलकर.
मी शरयू खानवलकर.
दुरुस्त करायला गेले नाही.
दोन दिवसांपुरती ती बाई मला बरी वाटली.

धनपाल गंगवाल रोज फक्त गच्चीवरून दिसणारं लिहितात.
मी त्यांना ताडमाड समजत होते,
ते माझ्या खांद्याएवढे निघाले.
"गच्ची उंच आहे," म्हणाले.

आणि ग्वाल्हेरची मुक्ता रिसबूड.
तिची लंगडी मैना, तिची जाऊ, सासऱ्यांची हरवलेली कवळी,
मला सगळं पाठ.
पण ती समोर उभी राहिली तेव्हा
"प्रवास कसा झाला" याच्यापुढे दोघींना काही सुचेना.
इतकं माहीत असल्यावर सुरुवात कुठून करतात?
शेवटी चहाच्या रांगेत, मागून, हळूच :
"तुझ्या शटरला तेल घातलंस का गं?"

मागच्या पावसाळ्यात एकदाच लिहिलं होतं मी,
की सकाळी शटर वर करताना
ते गुडघे धरून उठणाऱ्या बाईसारखं कण्हतं.
घरातली तिघं त्याच शटरखालून ये-जा करतात.
माझा चहा बशीत सांडला.
"घातलं," म्हटलं. खोटंच.
"अरेरे," ती म्हणाली, "मग आता ते काय बोलणार?"

रात्री सराफ्यात. सोन्याची दुकानं मिटली की
त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया तापतात.
आम्ही नऊ जण, जानेवारीची थंडी, गराडूवर पिळलेलं लिंबू,
भुट्ट्याचा कीस पानाच्या द्रोणात,
गंगवालांनी जलेबा दोन्ही हातांत धरलेला, ट्रकच्या स्टिअरिंगसारखा.
कुणीतरी म्हणालं, "यावर आज कोण लिहिणार?"
नऊच्या नऊ जण गप्प.
जो तो मनात पहिली ओळ जुळवत होता, चोरून.
मुक्तानं सगळ्यांकडे एकदा रोखून पाहिलं.
"आज कुणी नाही. आज खा."

साडेबाराला रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाओगे, दीदी?"
आणि मला लॉजचं नाव आठवेना.
घाबरायला हवं होतं. हसू येत राहिलं.
हिरवी पाटी आहे, एवढंच सांगितलं.
तीन हिरव्या पाट्या दाखवल्या त्यानं.

सोमवारी दुकान उघडलं.
पहिल्यांदा बिल्ल्याची एक प्रत काढून ठेवली, पाठपोट,
पाठ कोरीच होती तरी.
तेलाची कुप्पी मशीनच्या मागे आहे, भरलेली.
शटरला लावली नाही.
पुढच्या जानेवारीत कुणीतरी विचारायला हवं.