पाणसळ

आधी चाकं, हेमराज म्हणाला, पाय मागून.
पाय सोडायची घाई करायची नाही.

गोरेवाड्याच्या मागे, भोयरांच्या हरभऱ्याला लागून
पाऊण एकराचा पडीक तुकडा.
डिसेंबरातली काळी माती, भेगा अशा
की चमचा पडला तर पुढच्या पोळ्यालाच सापडावा.
कामठीच्या वर्कशॉपात बांधून घेतलेली आमची कॅराव्हॅन
पहिल्यांदा उभी केली तिथे
आणि ती उजवीकडे कलली,
पंगतीत झोपेला आलेल्या पोरासारखी.
दार आपोआप उघडायचं.
बेसिनमधलं पाणी भोक सोडून कोपऱ्यात थांबायचं.

"आठ सूत," तो म्हणाला, नुसतं बघून.
अडतीस वर्षं मोजणी खात्यात.
किती बांधांची भांडणं त्याच्या साखळीवर मिटली,
काही तिथेच पेटली.
त्याला उतार दिसतो,
मला वरणातलं मीठ वासावरून कळतं तसा.

पण पाणसळ हातात धरली
तर बुडबुडा दोन रेघांमध्ये थांबेना.
गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात
स्वतःशीच काही पुटपुटत असतो.
बुडबुडा तेच बोलत राहिला.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.
"काचेत काहीतरी बिघाड आहे."
"असेल," म्हणत मी पाणसळ घेऊन फरशीवर ठेवली.
बुडबुडा डावीकडे जाऊन बसला. गप्प.

मग तो सांगणार, मी करणार.
उजव्या चाकापुढे बाभळीच्या दोन फळ्या,
बोलेरो वीतभर पुढे,
अजून थोडी, अजून, बस, बस बाई,
पार काटोलला जायचं नाही आपल्याला.
चाकांना दगड. हूक सुटला.
नाकाचं चाक फिरवून पुढची बाजू उचलली,
आणि मग शेवटी, चार कोपऱ्यांचे चार पाय.

"वजन चाकांचं," तो म्हणाला.
"पायांनी उचलायचं नसतं काही.
टेकले की अर्धा आटा, पुरे.
त्यांनी फक्त डोलू द्यायचं नाही."
चौथ्या पायाला मी अर्धा आटा दिला.
"पाव," तो म्हणाला. सवयीने.

रात्री दोनला शेताची लाइन आली,
भोयरांची मोटर सुरू झाली,
आणि हरभऱ्याचं पाणी बांध ओलांडून
न विचारता आमच्याखाली शिरलं.
झोपेत काहीतरी किंचित खाली गेलं.
मला वाटलं, याने कूस बदलली.

सकाळी भोयर स्वतः पोहे घेऊन आला, तर्रीचा डबा वेगळा.
"रातचीच लाइन देते जी, का करता!"
तर्री ओतली, बशी टेबलावर ठेवली.
तेल सावकाश सरकलं
आणि डाव्या काठाला लाल चंद्रकोर जमली.

हेमराज वाकून बघत राहिला, हात मांडीखाली दाबून.
"दोन सूत. डावं चाक खचलं.
त्याच्याखालीही फळी हवी होती."
मग थांबून,
"म्हणजे आता त्या पायावर वजन आलं असेल."

"येईना का," मी म्हणाले.
"आधी खाऊन घे."

त्याने बशी फिरवून पाहिली, एकदा, परत एकदा.
तेल जिथे होतं तिथेच राहिलं.
मी त्याच बाजूने चमचा घातला.