पंख्याची दोरी

सिव्हिल लाइन्समधला बंगला आता संग्रहालय.
मे महिना. तिकीट वीस रुपये,
आत कूलर.

जेवणघरात टांगलाय कापडी पंखा,
झालर नवी, दोरी नवी,
खुंटीला गुंडाळून ठेवलेली.
इथं भिंतीत भोक होतं ना, म्हटलं,
दोरी व्हरांड्यात जायची.
गाइड प्रणोती मेंढुले, बाविशीची असेल, म्हणाली,
हाव काका, बुजवलं.
पाली येत होत्या.

इतिहास केंद्र मागच्या तबेल्यात.
एकोणीसशे एकवीसची खर्चाची वही:
चारा, नाल, पंखेवाला, रॉकेल.
झिबल आजोबा
अंगठ्याला दोरी बांधून झोपायचे म्हणे.
पुढं घरी, खाटेवरही
पाय हलायचा.

निघताना तिनं फॉर्म दिला:
नाव, पत्ता, वास्तूशी नातं.
तिसऱ्या रकान्यात
पेन अडलं बराच वेळ.
मग लिहिलं,
व्हरांडा.