तांबी

ढोके सिस्टर म्हणाली, श्वास सोड.
सोडला.
पत्र्यावर वानरं नाचत होती, म्हणून
बसली कधी ते कळलंच नाही,
काडीएवढी, इंग्रजी टी सारखी.
झालं, म्हणाली, दहा वर्षं निश्चिंत.
तारखेचं कार्ड मी कुकरच्या गॅरंटीकार्डात ठेवलं.
कुकरची पाचच वर्षं होती.

पहिले तीन महिने अंगावरून जात राहिलं,
तोटी नीट बंद न झाल्यासारखं.
संत्र्याच्या तोडीला मी काळं लुगडं नेसून जायची,
क्रेट उचलताना ओटीपोटात
कुणीतरी ओलं फडकं पिळत राहायचं.
"सवय होते व," आशाताई म्हणाली.
झाली.

महिन्यातून एकदा, पाळी सरली की,
न्हाणीची कडी लावून
बोटाला दोरा लागतो का पाहायचं.
लागला
की मग डोक्यावरून पाणी घ्यायचं.

देवानंदला ठाऊक होतं.
पहिल्या रात्री दचकून म्हणाला,
"काटा हाय काय व?"
उशीत तोंड खुपसून हसलो दोघं,
तर भिंतीपलीकडे सासू खोकली.

सासूला ठाऊक नव्हतं.
आचल, मग समीक्षा, मग पाच वर्षं काही नाही,
म्हणून तिनं सालबर्डीला नवस बोलला.
मीही गेले. पायऱ्या चढले, नारळ फोडला,
महादेवाला म्हटलं, तू आणि तांबी
काय ते आपसात पाहून घ्या.

खरं तर तिनंच शिकवलं मला,
लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात, बागेत उभं करून.
हे पाणी तोडलं, हा ताण.
पानं मलूल झाली तरी जीव कळवळू द्यायचा नाही.
मग पाणी सोडायचं, की पांढरा फुलोरा.
आंबिया धरला तर मृग सोडायचा,
दोन्ही बहार घेतले की झाड खोडातून वाळतं.
"झाडाले दम पायजे, पोरी."
झाडाले,
असं म्हणाली होती ती.

सहाव्या वर्षी दोरा लागेना.
तीनदा पाहिलं. पाणी गार झालं तरी बसून राहिले.
त्या आठवड्यात मी सगळ्यांवर ओरडले,
समीक्षाला वेणी घालताना केस ओढले.
सिस्टरलाही दिसेना, म्हणाली, फोटो काढा.
मोर्शीला गेलो मोटरसायकलनं,
घरी सांगितलं, कंबर दुखते.
देवानंदनं फिल्म दवाखान्याबाहेर उन्हात धरली,
मोठा शेठ नोट तपासतो तशी.
काळ्यात माझी राखाडी हाडं
आणि मधात ती, जराशी तिरकी, जाग्यावर.
"हे आपलं हाय?" म्हणाला.
मग दोघांनी कचोरी खाल्ली.

फिल्म कॅलेंडरमागे राहिली
ग्रहण लागेपर्यंत.
सरांनी नको सांगितलं होतं तरी पोरींनी तीच ओढून काढली,
अंगणात आळीपाळीनं डोळ्याला लावली.
दर ग्रहणाला सासू मला आत बसवते.
सुरी धरायची नाही, चिरायचं नाही,
बाहेर पाहायचं तर नाहीच.
काही असलंच पोटात तर, म्हणून.
अकरा वर्षं बसले.
त्या दिवशी भाजीची टोपली खाली ठेवून
मी बाहेर आले.
"आत व्हय व!" ती ओरडली.
मी समीक्षाच्या हातून फिल्म घेतली.

माझ्या कंबरेच्या हाडांत सूर्य,
एका अंगानं कुरतडलेला,
विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.
त्याच्या शेजारी ती.
वारा पडला होता. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या.
काही झालं नाही मला.

"दे इकडं," सासू म्हणाली.
तिनं पदरानं डोळे पुसले, फिल्म धरली.
उलटी होती, आचलनं सुलटी करून दिली.
बराच वेळ पाहिलं तिनं.
"हे मधातलं पांढरं काय व?"
"टी हाय आजी. इंग्रजी."

सासू बोलली नाही.
पाहत राहिली, सूर्य सुटत आला तरी.
मग फिल्म माझ्या हातात देऊन
आंघोळीचं पाणी काढायला उठली.
दारातून म्हणाली,
"जपून ठेव. ग्रहण पुन्हा येईन."