रीडिंग

तार्तूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मिल्वी मला सांगते की ती नाही.
रडत नाही, ओरडत नाही.
दूध संपलंय म्हणून सांगावं, तशी सांगते.

एकतीस वर्षं तिने घरोघरचं मीटर रीडिंग घेतलं.
लाकडी जिने, साखळीला बांधलेली कुत्री,
हातमोजा काढून दारावर थाप:
कोणी आहे का घरात?

डॉक्टर रौद्सेप तरुण आहेत. खुर्ची ओढून म्हणाले,
‘तुम्ही नाही, असं तुम्हाला वाटतं.
वाटतं म्हटलं, की ज्याला वाटतं असं कोणीतरी आलंच ना?’
आणि डाव जिंकल्यासारखं पेनाला टोपण लावलं.

मिल्वीने विचार केला. तो करताना मी तिला पाहिलं.
मग म्हणाली, ‘उन्हाळ्यात माणसं बेटावर जातात,
महिना महिना घराला कुलूप.
मीटर तरी फिरतंच की, डॉक्टर.
फ्रिज असतो, तळघरात विसरलेला दिवा असतो.
चकती फिरते, आकडे सरकतात.
त्याचा अर्थ वीज जळतेय.
घरात कोणी आहे, असा नाही.’

‘पण ते आकडे वाचायला तर कोणी गेलं होतं?’

‘आकडे वहीत उतरायचे.
बिलावर वाचणाऱ्याचं नाव कधीच नसायचं.’

डॉक्टर उठले. त्यांना फोन आला होता,
किंवा आलाय असं त्यांनी ठरवलं.

रात्री दोनला कॉरिडॉरमधले निम्मे दिवे मी बंद करते.
नदी गोठलेली; पुलाखाली मधूनच बर्फ कडकन मोडतो.
ही वेळ वाईट.
भूक लागते मला. झोप येते मला.
आईचं जुनं स्वयंपाकघर आठवतं मला, न बोलावता.
सगळं मलाच येऊन लागतं,
दारातल्या फटीतून पत्रं येऊन पडावीत तसं.
यातलं मी काय केलं?
आणि सात नंबरच्या खाटेवर ही बाई
वाक्याच्या तोंडाशी धडधडीत ‘मी’ ठेवते:
मी नाही.
अख्ख्या मजल्यावर इतका ठणठणीत ‘मी’
दुसऱ्या कोणाचा नाही.

स्टाफरूममध्ये स्वतःचीच नाडी धरून बसले. बहात्तर.
आकडा तर आला.
मोजणारी बोटं कोणाची, ते विचारायचं सोडून
मी कॉफी ओतली.

जानेवारीत इथे पहाट म्हणावी असं काही नसतं,
सहा वाजतात, एवढंच.
तिने रात्री हात न लावलेलं सूप गरम करून नेलं.
‘नसलेल्या बाईला सूप कशाला?’
बरं, नसलेल्या टेबलावर ठेवते, मी मनात म्हटलं.

चार्ट भरता भरता पाहिलं, तर चमचा हलत होता.
खात नव्हती. वेचत होती.
बशीच्या काठावर हिरव्या धाग्यांची ओळ,
एकेक, नीट, रागाने.
‘किती शेपू घालता गं तुम्ही लोक!
आयुष्यभर तो वास सहन नाही झाला मला.’
मग अर्धी वाटी प्यायली, भिंतीकडे तोंड करून.

डॉक्टरांना हे सांगणार नाही.
ते लगेच सिद्ध करून टाकतील,
आणि उद्यापासून ती शेपूसकट गिळेल.

चार्टवर लिहिलं: सूप, अर्धी वाटी.
शेपू नको.
खाली सही केली. उर्वे.
पेन झटकावं लागलं, दोनदा.