साकव

शुक्रवारी परकार नमाजावरून परतला
की खोली नंबर अकरात हिशेबाची वही उघडते.
वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं
आणि मी कुणाकडे उधार मागत नाही.

परकार – शंभर रियाल.
पाष्टे – पन्नास, बाकी पगार झाल्यावर.
कोया – वीस. त्याचं गाव तिकडे मलबारात.
तुझं काय रे यात? तर म्हणाला,
नदी ती नदीच.

गेल्या पुरात साकव गेला.
तेव्हापासून पलीकडची पोरं शाळेला
कंबरभर पाण्यातून, दप्तर डोक्यावर.
आणि आम्ही इथे जुबैलच्या वाळूत पाइप जोडतो,
एवढाले, की आमची अख्खी नदी
एकातून निघून जाईल, आवाजही न करता.

एसीच्या खोक्यावर परकारने नकाशा काढला.
काम कुठल्या काठावरून सुरू, यावर भांडण.
पाष्टे खालच्या वाडीचा.
दोन शुक्रवार बोलला नाही, पैसे मात्र दिले.

वैशाखात फोटो आला.
मधोमध एक शेळी,
उद्घाटनाची वाट न बघता.
आम्ही टाळ्या वाजवल्या, कोयाने चहा टाकला.
परकार फोटो बोटांनी ताणत राहिला,
मोठा, अजून मोठा,
शेळीच्या खुरांपर्यंत.
डावीकडून तिसरा जोड कच्चा आहे, म्हणाला.
पैसे पोचले रे.
हात नाही पोचले.

वहीतली शेवटची नोंद:
परकार – पंधरा दिवस, बिनपगारी.
रकमेच्या रकान्यापाशी पेन अडलं.
तो म्हणाला, लिही,
वेल्डिंगचे रॉड, दोन पाकिटं.